इंद्राला पुरावा लागत नाही

आमच्या कळंबचा इतिहास विचारला की सांगणारा इंद्रापासून सुरुवात करतो. अहल्येच्या प्रकरणात गौतम ऋषींनी इंद्राला शाप दिला. त्यातून सुटायला इंद्र कदंबपुरात आला, त्यानं चिंतामणीची स्थापना केली, अंकुशानं कुंड खोदलं, आणि त्या कदंबपुराचं पुढे कळंब झालं. ही गोष्ट ऑटोवाला सांगतो, गुरुजी सांगतात, चतुर्थीला स्टेटसवर फिरणाऱ्या रीलमध्येही हीच गोष्ट असते. इथवर ठीक. पण पुढे काय? पुढे एकदम तहसील कार्यालय, बसस्टँड आणि कापसाचे भाव. इंद्र आणि तहसीलदार यांच्या मधली सगळी माणसं गायब.

मला इंद्राबद्दल तक्रार नाही. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून मीही जातो, आणि कुंडाचं पाणी दर बारा वर्षांनी चढून गणपतीच्या पायाला लागतं ही गोष्ट मीही पाहुण्यांना सांगतो. देवाची कथा देवळात शोभते. माझं भांडण आहे ते या कथेलाच गावाचा इतिहास म्हणून पुढे करण्याशी. कारण इंद्र इथं आला होता का, कोणत्या साली आला, त्याच्याकडे रहिवासाचा काही दाखला आहे का, हे कोणी विचारत नाही. आणि त्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या तांड्यावरच्या पोरीनं कॉलेजच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला मागितला, तर तिचं घराणं 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून या राज्यात राहत होतं हे दाखवणारा कागद तिला आणावाच लागतो.

आमच्या धंद्यात ऑनलाइन फॉर्म बनवताना काही रकान्यांपुढे लाल चांदणी टाकतात. चांदणी असलेला रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. चांदणी नसेल तर रिकामा सोडा, चालतं. ‘तुम्ही इथले कधीपासून?’ हा आपल्या समाजातला असा रकाना आहे, की काहींसाठी त्याला चांदणी आहे आणि बाकीच्यांसाठी नाही. आमच्या घरात एवढंच माहीत आहे की पणजोबा वर्धा नदीच्या पलीकडून आले. कोणत्या साली आले, दुष्काळात आले की कर्ज बुडवून, कोणाला ठाऊक नाही. आम्हाला कधी कोणी विचारलंही नाही. आम्ही ‘कळंबचे’ आहोत, विषय संपला. हा विषय इतक्या सहज का संपतो, ते मला सांगायचं आहे.

अकबराच्या दप्तरातल्या म्हशी

‘आमच्या गावाचा लेखी इतिहासच नाही हो, म्हणून दंतकथा,’ असं म्हणणाऱ्यांसाठी आधी थोडी लेखी माहिती.

1596 मध्ये वऱ्हाड मोगलांच्या ताब्यात गेलं. त्याच सुमारास अकबराच्या दरबारात अबुल फझल ‘आइन-इ-अकबरी’ लिहीत होता. त्यात वऱ्हाड सुभ्याच्या ‘सरकारां’ची यादी आहे. सरकार म्हणजे साधारण आजचा जिल्हा. गाविलगड, नरनाळा, पवनार, माहूर, वाशीम, मेहकर या नावांच्या रांगेत कळंब आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी कळंब हे जिल्ह्याचं ठाणं होतं. अबुल फझल सांगतो की कळंब हे जुनं आणि महत्त्वाचं शहर आहे आणि तिथल्या म्हशी नावाजलेल्या आहेत. पुढे तो शेजारच्या एका गोंड जमीनदाराचा उल्लेख करतो. हा चांद्याचा राजा, आणि त्याच्याकडे हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचा आकडाही तो देतो.

आता बघा. दिल्ली-आग्र्याकडच्या कारकुनाला कळंबबद्दल लिहिण्यासारख्या दोन गोष्टी वाटल्या: म्हशी आणि गोंड. आपल्याला सांगण्यासारखी एकच वाटते: इंद्र. म्हशी नावाजलेल्या होत्या म्हणजे इथं गवत होतं, बाराही महिने पाणी होतं, आणि म्हशी राखणारी, दूध काढणारी, लोणी कढवून तूप बाजारात नेणारी माणसं होती. त्या माणसांचं नाव आपल्या गावाच्या कोणत्याच गोष्टीत नाही. चाळीस हजार पायदळाचा आकडा फुगवलेला धरा, चौथा हिस्सा करा, तरी एवढी माणसं वर्धा-पैनगंगेच्या या पट्ट्यातून आणि चांद्याच्या जंगलातून उभी करणारं एक गोंड राज्य आपल्या शेजारी होतं. कळंबच्या इतिहासात ते यायला नको?

याच यादीत ‘योत-लोहारा’ नावाचा एक परगणा आहे. योत म्हणजे यवत, आणि लोहारा हे यवतमाळला लागून असलेलं गाव. परगण्याच्या ठाण्याला महाल म्हणत. यवत महालाचं झालं यवतमाळ. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये हीच व्युत्पत्ती दिलेली आहे. जिल्ह्याच्या नावातलं ‘माळ’ हे माळरानही नाही आणि कोणाच्या गळ्यातली माळही नाही. तो वसुलीचा शब्द आहे.

चारशे वर्षांपूर्वी कळंब सरकार होतं आणि यवतमाळ नुसता महाल. आज कळंब हा यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका आहे. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव वणीवरून पडलेलं होतं, कचेरी यवतमाळात होती, आणि 1905 मध्ये जिल्ह्यालाच यवतमाळ म्हणू लागले. ही नावं बदलली ती रस्ता, वसुली, कचेरी आणि बाजार यांच्यामुळे. यांत शाप कुठे बसतो?

‘मूळचे’ कोण, हे कोणी ठरवलं?

मोगलांनंतर वऱ्हाडात दोन मालक झाले. निजाम आणि नागपूरकर भोसले एकाच मुलखातून आपापला हिस्सा वसूल करत. याला दोअंमल म्हणत. दोन वसूलदार एकाच गावात आले की कुणब्यासमोर सोपा उपाय असे: वावर टाकून निघून जाणं. 1803 च्या देवगावच्या तहानं वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि इकडे निजाम एकटा उरला. 1853 मध्ये निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे दिलं. वऱ्हाड त्यांना मिळालं तेव्हा चांगली काळी जमीन पडीत होती.

मग 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर जाऊ लागला. त्याच दशकात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं जमीन मोजायला घेतली. साखळी ओढली, शेताला सर्व्हे नंबर दिला, नंबराला खातेदार आणि खातेदाराला आकार लावला. इंग्रजीत या कामाला ‘सेटलमेंट’ म्हणतात. वस्ती करण्यालाही तोच शब्द आहे. आपण मात्र त्याला ‘बंदोबस्त’ म्हटलं, आणि मला तो शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

पडीत जमीन आणि कापसाचा भाव बघून माणसं आली. कुणबी आले, माळी, तेली आले, मागोमाग कापसाच्या व्यापाराला मारवाडी आणि गुजराती आले, जिनात रेचे फिरवायला मजूर आले. आज जी घराणी स्वतःला या भागातल्या कुठल्याही गावची ‘मूळची’ म्हणवतात, त्यांतल्या कितीतरी घराण्यांची गावातली पहिली पिढी या काळातली निघेल. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गावं अशीच वसतात.

पण याच काळात आणखी दोघांचं काय झालं, तेही बघा.

पहिले बंजारा. शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हा समाज देशभर फिरला. सैन्यांना रसद पुरवली, गावांना मीठ. या धंद्याला लदेणी म्हणतात. रेल्वे आली आणि लदेणी मेली. चालणारे तांडे जिथं पाणी आणि गवत मिळालं तिथं थांबले. पुसदजवळचं गहुली हे गाव चतुरसिंग नाईकांनी वसवलं. त्यांचा नातू वसंतराव 1 जुलै 1913 ला तिथं जन्मला, आणि 1963 ते 1975 अशी अकरा वर्षांहून जास्त महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. यवतमाळ जिल्ह्यात गाव वसवणाऱ्याचं नाव विचाराल तर पटकन सांगता येईल असं हे नाव, आणि ते राजाचंही नाही, देवाचंही नाही. एका तांड्याच्या नायकाचं आहे.

दुसरे कोलाम. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट मानतं, त्यांत कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम आहेत, आणि त्यांची मोठी वस्ती याच जिल्ह्यात आहे. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा. तिचं रीतसर व्याकरण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं 1955 मध्ये छापलं. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. जंगल साफ करून शेती करायची, आणि गरज पडली की पोड हलवायचं, अशी त्यांची रीत. इंग्रजांनी जंगलं राखीव केली आणि ती रीत बेकायदा झाली. जंगल होतं तिथंच राहिलं, कोलाम मात्र त्यात घुसखोर ठरले.

आता हिशोब जुळवा. कापसासाठी आलेला शेतकरी आणि लदेणी मोडून थांबलेला तांडा, दोघं साधारण एकाच काळात स्थिरावले. कोलाम आणि गोंड तर दोघांच्याही आधीचे. तरी शेतकरी गावठाणात ‘गावकरी’ झाला, तांडा ‘तांडा’च राहिला आणि पोड ‘पोड’. मूळचं कोण हे काळानं ठरवलं असतं तर क्रम उलटा लागला असता. ते ठरवलं सर्व्हे नंबरानं. ज्याच्या नावावर नंबर चढला तो मूळचा, आणि ज्याच्या पायाखालची जमीन सरकारी किंवा जंगलाची निघाली तो बाहेरचा.

चांदणी असलेला रकाना

‘झालं ते झालं, आज काय फरक पडतो?’ फरक पडतो, आणि तारखेसकट पडतो.

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी घराणं राज्यात कधीपासून राहतं, याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त आणि भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. बंजारा विमुक्त जातींच्या यादीत येतात. म्हणजे ज्या समाजाचा धंदाच फिरण्याचा होता, त्याला एका जागी राहत असल्याचा कागद मागितला जातो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर काढा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद काढा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? कोतवालानं तांड्यावर जाऊन नोंद केलीच नसेल तर? उत्तर एकच: आणा.

वनहक्क कायदा बघा. 2006 चा हा कायदा चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण जो आदिवासी यादीत नाही आणि तरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या कडेनं राहतो, त्याला 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्या दाखवाव्या लागतात. पिढी पंचवीस वर्षांची, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं. आपल्यापैकी किती जणांना आपल्या घराण्याचा 1930 सालचा पत्ता कागदावर दाखवता येईल? करून बघा.

सगळ्यात भारी उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याचं आहे. 1976 मध्ये कायदा दुरुस्त होईपर्यंत आदिवासी असणं हे तहसिलीवर अवलंबून होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, वणी आणि यवतमाळ या तीन तहसिलींत राहणारे गोंड आणि कोलाम अनुसूचित जमात होते. शेजारच्या दारव्हा किंवा पुसद तहसिलीतले त्यांचेच सोयरे नव्हते. कळंबकडची पोरगी लग्न होऊन दारव्ह्याकडे गेली की ती आदिवासी उरायची की नाही, असा प्रश्न पडावा इतकी ती रेघ वेडी होती. रेघ महसुलाच्या सोयीसाठी ओढलेली आणि तिच्यावर माणसाची ओळख टांगलेली. गावाचा, तालुक्याचा इतिहास म्हणजे फावल्या वेळची गंमत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही रेघ एकदा नकाशावर बघावी.

आणि ही गोष्ट संपलेली नाही. एप्रिल 2020 मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोननं गावठाण मोजायचं आणि घराला मालमत्ता पत्रक द्यायचं. उत्तम योजना. पण ती गावठाणातल्या घरांसाठी आहे. गावठाणाची हद्द जुन्या मोजणीतून आलेली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या साखळीनं जे घर बाहेर ठेवलं, ते आजच्या ड्रोनलाही बाहेरच दिसतं. कॅमेरा कितीही भारी असला तरी तो जुन्याच रेघेवरून उडतो.

‘पण अस्मिता?’

हे बोललं की तीन प्रकारचे लोक अंगावर येतात.

पहिले म्हणतात, तू देवाच्या विरोधात आहेस. नाही. उलट मला वाटतं, त्या कुंडाकडे नीट बघितलं तर देवळात गावाचा खरा इतिहास सापडेल. जमिनीच्या इतक्या जवळ पाणी असलेली जागा माणसं सोडत नाहीत. आधी पाणी असतं, मग गुरं येतात, मग वस्ती होते, मग तिथं देव बसतो. म्हशींबद्दल लिहिणारा अबुल फझल आणि कुंडाची कथा सांगणारा पुजारी, दोघं एकाच पाण्याबद्दल बोलत आहेत. फक्त त्या पाण्यावर गुरं आणणाऱ्यांना दोघांनीही नाव दिलेलं नाही.

दुसरे म्हणतात, प्रत्येक गावाला अभिमानाचं काहीतरी हवं. मान्य. पण मुख्यमंत्री देणारा तांडा अभिमानाचा नाही? चारशे वर्षांपूर्वी सुभ्याच्या यादीत नाव असणं अभिमानाचं नाही? स्वतःची द्राविडी भाषा आजवर टिकवणारे शेजारी अभिमानाचे नाहीत? तसं असेल तर आपल्याला अभिमान नकोय, आपल्याला एक विशिष्ट पूर्वज हवाय: गोरा, पौराणिक, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याशी नातं नसलेला.

तिसरे माझ्या वयाचे, माझ्याच धंद्यातले. ते म्हणतात, भाऊ, डेटा नाही, सोड. डेटा आहे. 1870 चं लायलचं वऱ्हाड गॅझेटियर आहे, 1908 चं ब्राऊन आणि रसेल यांचं यवतमाळ गॅझेटियर आहे. तहसिलीत, भूमी अभिलेख कार्यालयात, जुन्या शाळांच्या कपाटांत रजिस्टरं आहेत. त्यांत मोडी आहे, फारसी शब्द आहेत, वाळवी आहे. पण डेटा आहे. पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकांची वीस वर्षांची बिलं आपण साफ करून देतो. आपल्या तालुक्याचं कोतवाल बुक वाचायला मात्र आपल्याला वेळ नसतो.

आता गाडी आली आहे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळला छोटी रेल्वे आली. तिला लोक पुढे शकुंतला म्हणू लागले. कापूस नेण्यासाठी आलेल्या या गाडीनं यवतमाळ मोठं केलं. ती पश्चिमेकडून आली आणि यवतमाळला थांबली. पूर्वेला नागपूरच्या रस्त्यावरचं कळंब तिच्या वाटेत नव्हतं. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या ब्रॉडगेज मार्गाचं उद्‌घाटन झालं. हा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा पहिला तुकडा. अकबराच्या यादीतलं सरकार, सव्वाशे वर्षं रेल्वेनं टाळलेलं गाव, आता रुळांवर आलं आहे.

रेल्वे आली की काय होतं हे 1867 मध्ये आपण बघितलं आहे. जमिनीचे भाव चढतील. ले-आउट पडतील, प्लॉट विकले जातील, बाहेरून माणसं येतील. पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडं ‘आम्ही मूळचे कळंबचे’ म्हणतील, आणि म्हणू देत, तसंच होत आलं आहे. पण त्याच वेळी रुळांच्या कडेची, जंगलाच्या कडेची, गावठाणाच्या बाहेरची काही घरं ‘अतिक्रमण’ या रकान्यात जातील. तेव्हा कोणीतरी विचारेल, ही माणसं इथं कधीपासून आहेत? आणि गावाजवळ उत्तर नसेल, कारण गावाच्या इतिहासात इंद्रानंतर कोणी आलंच नाही.

म्हणून हे काम आताच करायला हवं, आणि ते अवघड नाही. तालुक्यातली पोडं, तांडे, गुढे, वस्त्या यांची यादी करा. प्रत्येक ठिकाणी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा: कोण आधी आलं, कुठून आलं, विहीर कोणी खोदली, पहिला मुडदा कुठं पुरला. मोबाइलवर रेकॉर्ड करा. दाखल-खारीज रजिस्टरांचे आणि कोतवाल बुकांचे फोटो परवानगी काढून घ्या, म्हणजे ज्यांना उद्या कागद मागितला जाईल त्यांच्या हातात तो असेल. ग्रामसभेत ठराव करा की अमुक वस्ती अमुक काळापासून आहे हे गावाला माहीत आहे. वनहक्काच्या नियमांत जाणत्या माणसांच्या लेखी जबाबालाही पुरावा मानलेलं आहे. म्हणजे म्हातारीची आठवण कायद्यालाही चालते. फक्त ती जिवंत असताना लिहून घ्यावी लागते.

आणि पुढच्या वेळी कोणी कळंबचा इतिहास विचारला तर म्हशींपासून सुरुवात करा. त्या कोण राखत होतं, असा प्रश्न लगेच येईल. तो येऊ द्या.